तुम्ही विचारलंत म्हणून: गुजर मूळचे कुठले?

लग्नकार्यात, समाजाच्या मेळाव्यात आणि हल्ली व्हॉट्सॲपवर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मी खानदेशातला गुजर, त्यात इतिहासाचा मास्तर, म्हणजे सुटका नाहीच. गंमत अशी की विचारणाऱ्याच्या खिशात उत्तर तयार असतं. आपण जॉर्जियातून आलो (फारसीत त्या देशाला गुर्जिस्तान म्हणतात ना!), आपण कुषाण, आपण हूण, नाहीतर थेट लक्ष्मणाच्या वंशातले. माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो.

या गोष्टींचा उगम फार जुना नाही. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात गुजरांची सांगड कुषाणांशी घातली. मुंबई गॅझेटियरने, म्हणजे इंग्रजी सरकारच्या माहितीग्रंथाने, ती खझर या तुर्की लोकांशी जोडली. दे. रा. भांडारकरांनी १९११ मध्ये परकी मुळाच्या बाजूने जोरात मांडणी केली आणि चिं. वि. वैद्यांनी ती तितक्याच जोरात खोडली. म्हणजे हे भांडण आपल्याकडच्या पंडितांनीही हौसेने खेळलेलं आहे. पण खझर-गुजर हा नादाचा मेळ सोडला तर त्या पक्षाकडे फारसं काही नव्हतं. कॉकेशसच्या उत्तरेला खझरांचं राज्य उभं राहिलं ते सातव्या शतकात. इकडे थानेसरचा राजा प्रभाकरवर्धन ६०५च्या सुमारास वारला, आणि बाणभट्ट त्याला ‘गुर्जरप्रजागर’ म्हणतो, म्हणजे गुर्जरांची (गुजरांचं जुनं नाव) झोप उडवणारा. ज्यांची झोप उडाली ते इथे आधीच मुक्कामाला होते. हूणांबरोबर आले असतील, हा तर्क काळाच्या हिशोबाने बसतो, कारण हूण आल्यानंतरच गुर्जरांचं नाव ऐकू येऊ लागतं. पण पाठोपाठ नाव आलं म्हणून बरोबर माणसंही आली असं होत नाही. कोंबडा आरवला म्हणून उजाडलं म्हणण्यातली गत.

कागदावर, खरं तर दगडावर आणि तांब्यावर, जे आहे ते असं. कर्नाटकातल्या ऐहोळच्या ६३४च्या लेखात चालुक्य राजा पुलकेशीपुढे नमणाऱ्यांत लाट, मालव आणि गुर्जर आहेत. त्याच सुमारास चिनी प्रवासी ह्यूएनत्संग गुर्जर देशाची राजधानी सांगतो ती भिनमाळ, आजच्या राजस्थानातली. गणिती ब्रह्मगुप्ताचं गाव तेच, आणि त्याचा ब्रह्मस्फुटसिद्धान्त ६२८चा. म्हणजे आपली पहिली ठाम भेट होते तीच राजस्थानात.

भडोचकडच्या दद्द राजघराण्याचे ताम्रपट मला फार आवडतात. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी कलचुरी संवताचे लेख संपादले, त्यांत ते आहेत. दुसऱ्या दद्दाच्या वेळी घराणं स्वतःला गुर्जर नृपतींच्या वंशातलं म्हणवतं. दोन-तीन पिढ्यांनी, आठव्या शतकाच्या सुरुवातीला, त्याच घराण्यातल्या जयभटाच्या पटात गुर्जर हा शब्द गळतो आणि तिथे महाभारतातला कर्ण येऊन बसतो! मूळ बदलून घेण्याची हौस व्हॉट्सॲपने आणली नाही, एवढं मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो.

आणि अलवरजवळच्या राजोरचा ९६०चा लेख. दान देणारा मथनदेव स्वतःला गुर्जर-प्रतिहार म्हणवतो, आणि त्याच लेखात गुर्जर शेती कसताना दिसतात. राजाही गुर्जर, कसणाराही गुर्जर. या एका शब्दाने देश, राजघराणं, गुराखी आणि शेतकरी सगळे ओळखले जात असतील, तर सगळ्यांचा एकच मूळपुरुष कुठून काढायचा? २०२१मध्ये ग्वाल्हेरला आणि दादरीला प्रतिहार राजा मिहिरभोजाच्या पुतळ्यावरून गुर्जर आणि राजपूत हमरीतुमरीवर आले, ग्वाल्हेरचं प्रकरण तर उच्च न्यायालयात गेलं. तो राजोरचा दगड कुणी वाचला असता तरी भांडण मिटलं नसतं म्हणा.

मला विचाराल तर ज्या स्थलांतराचा पुरावा आजही जिवंत आहे, त्याची दिशा उलटी आहे. काश्मीर आणि पाकिस्तानातल्या हजाऱ्याच्या डोंगरांतले गुज्जर, म्हणजे तिकडचे गुजर, म्हशी-शेळ्या घेऊन उन्हाळ्यात वर चढतात. ते गोजरी बोलतात, आणि गोजरी शेजारच्या काश्मिरीशी नाही, राजस्थानी-मेवातीशी जुळते. ‘आमचा’ला तिथेही ‘म्हारो’च. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सनला हे साम्य शंभर वर्षांपूर्वी दिसलं होतं. पाकिस्तानी पंजाबातलं गुजरात, गुजरांवाला, गुजरखान या गावांकडे बोट दाखवून लोक म्हणतात, बघा, खिंडीतून खाली येतानाच्या खुणा. त्या खुणा वर जातानाच्याही असू शकतात, आणि बोली त्याच बाजूने साक्ष देते.

आपल्या खानदेशातल्या रेवे गुजरांची वाट यापेक्षा छोटी. आमची जुनी माणसं रेवाकाठ (नर्मदाकाठ), निमाड आणि मग तापीकाठ असा रस्ता सांगतात. काळी जमीन बघत बघत खाली सरकलेले शेतकरी. त्यात घोडदौड नाही, म्हणून पोरांना तो आवडत नाही.

शेवटी हमखास येणारा उपप्रश्न: शिवाजी महाराजांचे सरसेनापती प्रतापराव गुजर आपलेच ना? ते साताऱ्याकडच्या भोसरे गावचे मराठा, १६७४ला नेसरीत पडले. त्यांच्याशी आपलं नातं लावायला आडनावाशिवाय काहीच नाही. आणि आडनावच धरायचं, तर १८७५ला पुण्याजवळच्या सुप्याला शेतकऱ्यांनी ज्यांची कर्जखतं जाळली त्या गुजर सावकारांनाही सोयरे म्हणावं लागेल. ते मात्र अजून एकाही फॉरवर्डमध्ये आलेले नाहीत.