फॉर्मवर पाचपैकी पाच, पण बोर्डावर दिवा लागेना

मी एका तालुक्याच्या ठिकाणी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिल्पनिदेशक आहे. दोन वर्षांचा कोर्स, वर्गात २० मुलंमुली, बहुतेक सगळी दहावी करून आलेली. सत्र संपत आलं की अभिप्रायाचे फॉर्म भरून घ्यायचे, ही आमच्याकडची जुनी पद्धत. १२ प्रश्न आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. निदेशक वेळेवर येतात का, विषय नीट समजावून सांगतात का, शंकांना उत्तरं देतात का, असं सगळं. फॉर्म मीच वाटायचो, भरून होईपर्यंत मीच समोर उभा राहायचो आणि गोळाही मीच करायचो. पानंच्या पानं पाचांनी भरलेली असायची. ती फायलीला लागायची आणि तपासणीला कुणी आलं की बाहेर निघायची. ते आकडे बघून मला मनापासून बरं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी जिन्याच्या वायरिंगचं प्रात्यक्षिक घेतलं. खालच्या स्विचने दिवा लावायचा, वर गेल्यावर वरच्या स्विचने बंद करायचा. त्यासाठी दोन टू-वे स्विच लागतात. प्रत्येकाला तीन टर्मिनल, म्हणजे तार जोडायच्या जागा. त्यातलं एक कॉमन, बटण खाली असो वा वर, ते उरलेल्या दोनपैकी एकाशी जोडलेलं राहतं. फेज, म्हणजे वीज आणणारी तार, पहिल्या स्विचच्या कॉमनला, दुसऱ्या स्विचच्या कॉमनवरून तार दिव्याला, आणि उरलेली टर्मिनलं दोन तारांनी एकमेकांना जोडलेली. हा धडा मी फळ्यावर दोन तास घेतला होता. २०पैकी ११ बोर्ड चुकले, आणि अकराही जणांची चूक एकच होती. पहिल्या स्विचला फेज कॉमनऐवजी कडेच्या टर्मिनलला दिलेली. असं केलं की दोन स्विचच्या चार स्थितींपैकी एकाच स्थितीत दिवा लागतो. खालचा स्विच चुकीच्या बाजूला राहिला, तर वर उभ्या माणसाने कितीही खटखट केली तरी अंधारच.

त्याच आठवड्यात फॉर्म भरून झाले होते. ‘विषय समजावून सांगतात’ या ओळीत २०पैकी १८ जणांनी ५ दिले होते. त्या रात्री फॉर्मचा गठ्ठा आणि प्रात्यक्षिकाची गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बसलो. मुलं खोटं बोलली नव्हती. मी प्रेमाने बोलतो, वेळेवर येतो, ओरडत नाही. त्याचे ते पाच होते. वायरिंग कळलं का, हे त्या फॉर्मने त्यांना विचारलंच नव्हतं. आणि विचारलं असतं तरी सत्र संपल्यावर मला कळून त्यांना काय उपयोग? सुधारणा झालीच तर पुढच्या बॅचसाठी. या बॅचने पाच गुण देऊन जायचं आणि साइटवर जाऊन चुकायचं.

दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या सुरू केल्या. वहीच्या पानाचा चतकोर, वर्ग सुटायच्या आधीची पाच मिनिटं, प्रश्न दोनच. आज फळ्यावरचं काय कळलं नाही? बोर्डावर काम करताना हात कुठे अडला? नाव लिहायचं नाही. पहिल्या दिवशी १४ चिठ्ठ्या ‘सगळं समजलं सर’ म्हणत आल्या, उरलेल्या कोऱ्या. २० जणांच्या वर्गात अक्षर लपत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. जर्नल मीच तपासतो, कुणाचा ‘र’ कसा निघतो ते मला पाठ आहे, आणि हे मुलांनाही ठाऊक आहे. मग एक बदल केला. मी वर्गाबाहेर जायचं, चिठ्ठ्या स्विचबोर्डच्या रिकाम्या लाकडी पेटीत टाकायच्या, त्यांच्यातल्याच एकाने त्या एका कागदावर उतरवायच्या आणि मला फक्त तो कागद द्यायचा. रोज वेगळा उतरवणारा. दुसऱ्या दिवशी तास सुरू होताना त्यातली एक तरी गोष्ट मी मोठ्याने वाचायची आणि त्यावर काय करणार आहे ते सांगायचं. करता येणार नसेल तर का नाही, तेही सांगायचं. ते सुरू झाल्यावर आठवड्याभरात कागद भरून यायला लागला.

पाचव्या की सहाव्या दिवशी ही ओळ आली: ‘आकृतीत कॉमन एका बाजूला एकटा आहे. खऱ्या स्विचच्या मागे तीन स्क्रू एका रांगेत आहेत. त्यातला कॉमन कुठला?’

इतकी वर्षं मी फळ्यावर ती आकृती काढत आलो. माझ्या डोळ्यांना आकृती आणि स्विच एकच दिसतात, कारण हातांना सवय आहे. मुलाला मात्र चिन्हावरून स्क्रूपर्यंत जायची वाटच मी दाखवली नव्हती. फळ्यावर बाजूला एकटा असलेला कॉमन त्याने स्विचवरही कडेलाच शोधला, आणि फेज तिथे गेली. अकरा बोर्डांचं उत्तर त्या एका ओळीत होतं.

मग धडाच उलटा केला. फळा नंतर. आधी प्रत्येकाच्या हातात एक सुटा टू-वे स्विच आणि दोघांत मिळून एक मल्टीमीटर. मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली आहेत का ते दाखवणाऱ्या खुणेवर ठेवून तीन स्क्रूंच्या जोड्या तपासायच्या, बटण खाली-वर करायचं, आणि दोन्ही स्थितींत जो स्क्रू कुणाशी ना कुणाशी जोडलेला राहतो तो शोधायचा. बहुतेक स्विचना तो मधला निघतो, पण मी ते सांगत नाही. नव्या बनावटीचा स्विच हातात आला तर मुलाला स्वतः तपासता यायला हवं. आकृती त्यानंतर, तीही त्यांनीच काढायची.

सुरुवातीला मुलांना हे आवडलं नाही. ‘सर शिकवत नाहीत, आम्हालाच शोधायला लावतात’ अशा ओळी आल्या. मला लागलं, खोटं कशाला सांगू. पुढे वाचनात आलं की हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गांवर असाच अभ्यास झाला होता आणि तो २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत जास्त येत होतं, पण ‘आपण कमी शिकलो’ असं त्यांना वाटत होतं. छान व्याख्यान ऐकलेल्यांचं नेमकं उलट. मुलांची नाराजी मी नोंदवून ठेवली, सोडून दिली नाही, पण तिच्यावरून धडा परत फिरवलाही नाही. तीन आठवड्यांनी तेच प्रात्यक्षिक पुन्हा घेतलं, तेव्हा चुकलेले बोर्ड २ होते.

एक चिठ्ठी मात्र अजून टोचते. ‘गटात काम असलं की मुलगे वायरिंग करतात, आम्हाला शिडी धरायला सांगतात.’ वर्गात तीन मुली होत्या. मी रोज त्या शेडमध्ये असायचो, शिडी धरलेली मुलगी रोज बघायचो आणि ‘छान, गट मिळून काम करतोय’ असं मनात म्हणायचो. १२ प्रश्नांच्या फॉर्ममध्ये हे सांगायला जागाच नव्हती. तेव्हापासून गटातल्या कामाची यादी मीच भिंतीवर लावतो आणि दर प्रात्यक्षिकाला कामं फिरतात. जोडणी करण्याची पाळी प्रत्येकाची येते.

एका प्रशिक्षणात डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांची १९५९मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत कळली. कोर्स आवडला का, त्यातून काय शिकले, शिकलेलं कामावर वापरतात का आणि त्याचा परिणाम काय झाला. आमचा फॉर्म पहिल्याच पायरीवर बसून होता. तिसऱ्या पायरीसाठी मी बाहेर पडलेल्या मुलांना फोन करायला लागलो. कुणी अप्रेंटिस होतं, कुणी वायरमनच्या हाताखाली. जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं एकच: नवीन वायरिंग येतं सर, पण फॉल्ट सापडत नाही. एक जण दिवसभर एका घरात सारख्या ट्रिप होणाऱ्या आरसीसीबीशी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचशी झगडत होता. शेवटी एका सॉकेटमागे न्यूट्रल आणि अर्थिंगची तार एकमेकींना टेकलेली निघाली. अभ्यासक्रम बदलणं माझ्या हातात नाही, वेळ कशावर द्यायचा ते थोडंफार आहे. आता दर शुक्रवारी मी चालू बोर्डात मुद्दाम एक दोष घालून ठेवतो आणि मुलं तो शोधतात. दोष कुठला घालायचा, ते बाहेरची मुलं फोनवर सांगतात.

या महिन्याच्या कागदावर तीन वेळा एकच तक्रार आहे: वाइंडिंगला (मोटारीत तारेची वेटोळी भरायला) मोटार एक आणि आम्ही २०, लांबून नुसतं दिसतं. नव्या मोटारींसाठी प्राचार्यांना पत्र दिलंय, सोबत कागदाची प्रत जोडली आहे. तोवर बाजारातल्या पंखेवाल्याकडून वाइंडिंग जळालेले चार छताचे पंखे आणून ठेवलेत. सोमवारी उघडायचे आहेत.