काळी चार, काळी एक आणि दोन कॅपो

नागपूर, शनिवार, १६ मे

आज ऊन उतरल्यावर, सहाच्या पुढे, दोन्ही गिटारी घेऊन बर्डीच्या बाजारात गेलो आणि बारा तारांच्या गिटारीसाठी वेगळा कॅपो (सर्व तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा) घेऊन आलो. हे काम दोन वर्षांपूर्वीच करायला हवे होते, पण सहा तारांवर चालणारा कॅपो बारांवरही चालेल, अशी माझी समजूत होती आणि गेल्या रविवारच्या तालमीपर्यंत ती मोडली नव्हती.

त्या दिवशी वहिनी गात होत्या. त्यांची पट्टी काळी चार, म्हणजे सा पेटीच्या चौथ्या काळ्या स्वरावर, आणि त्यांच्या भावाची काळी एक. सहा तारांच्या गिटारीवर मला दोघांसाठी कॅपो पहिल्याच फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) लावावा लागतो. वहिनींना जी चे शेप (बोटांच्या ठेवणी) आणि भावाला सी चे. बारा तारांची गिटार मात्र मी एक पूर्ण स्वर, म्हणजे दोन फ्रेट, खाली लावून ठेवतो, कारण बारा तारांचा एकत्रित ताण सहा तारांच्या मानाने बराच जास्त असतो आणि तो रात्रंदिवस ब्रिजवर (तारा अडकवलेल्या घोडीवर) व नेकवर (मानेवर) राहावा, असे मला वाटत नाही. परिणामी तिच्यावर प्रत्येक हिशेबात दोन मिळवावे लागतात आणि त्याच दोन पट्ट्यांसाठी कॅपो तिसऱ्या फ्रेटवर जातो. (एकदा हे दोन मिळवायचे विसरलो होतो. पेटीवाले काका काही बोलले नाहीत, नुसते चष्म्यावरून पाहत राहिले.)

रविवारी हिशेब बरोबर होता, तरी पेटीशी गिटार जुळेना. पेटीला आपला स्वर हलवता येत नाही, म्हणजे चूक माझ्याकडेच होती. प्रथम मी कूलरला दोष दिला, कारण त्याच्या ओल्या हवेने लाकूड फुगते आणि तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात, हे आपल्याकडच्या प्रत्येक गिटारवाल्याला मे महिन्यात कळतेच. परंतु कॅपो काढला की ट्यूनरवर (स्वर दाखवणाऱ्या यंत्रावर) सर्व बारा तारा जागेवर होत्या. कॅपो लावला की जाड तारा स्वराने चढत होत्या आणि तिसऱ्या जोडीतली बारीक तार झणझणत होती. तंबोऱ्यात जवारी, म्हणजे झणझणता नाद, आपण मुद्दाम आणतो. ही मात्र नको असलेली, चिडक्या आवाजाची जवारी होती.

घरी आल्यावर तारांच्या पाकिटावरचे आकडे पाहिले, तेव्हा कारण ध्यानात आले. बारा तारांत खालच्या स्वरांच्या चार जोड्या सप्तकाच्या असतात, म्हणजे एका जाड तारेशेजारी एक सप्तक वरची बारीक तार. उरलेल्या दोन जोड्या समान स्वराच्या. माझ्या संचात तिसऱ्या जोडीची जाड तार ०.०२३ इंच आणि तिची सोबतीण ०.००८ इंच, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश. कॅपोची सपाट पट्टी आधी जाड तारेवर टेकते आणि तिचे रबर पुरेसे खाली दबले तरच बारीक तारेपर्यंत दाब पोहोचतो. तेवढा दाब आणायला गेले की जाड तार गरजेपेक्षा जास्त दाबली जाते, ताणली जाते आणि तिचा स्वर चढतो. शिवाय बारा तारांचा नेक नटपाशी (खुंट्यांकडच्या टोकाला) सुमारे ४७ ते ४८ मिलिमीटर रुंद असतो आणि सहा तारांचा साधारण ४३ ते ४४. माझा जुना स्प्रिंगचा कॅपो तेथे जेमतेम काठापर्यंत पुरत होता.

दुकानात तीन प्रकार लावून पाहिले. पहिला बारा तारांसाठीच केलेला स्प्रिंगचा. त्याची स्प्रिंग जोरदार होती, त्यामुळे झणझण थांबली, पण जाड तारा आणखी चढल्या. आणि तो जोर आपल्या हातात नसतो, कारखान्यात ठरलेला असतो. दुसरा स्क्रू आणि खटक्याचा, शब या अमेरिकन कंपनीच्या जुन्या रचनेचा. यात स्क्रूने दाब ठरवायचा आणि मग खटका बंद करायचा. मी स्क्रू अगदी सैल ठेवून सुरुवात केली, प्रत्येक तार एकेक करून छेडली आणि शेवटची झणझण थांबताच हात आवरला. तिसऱ्या फ्रेटच्या अगदी मागे टेकवल्यावर ट्यूनरचा काटा बहुतेक तारांवर मध्यभागी राहिला. तिसरा होता फिंगरबोर्डच्या (नेकच्या बोटे ठेवायच्या पृष्ठभागाच्या) गोलाईप्रमाणे आतली पट्टी आपोआप वळवणारा. तो सर्वांत देखणा होता, पण किमतीने मला परावृत्त केले. घरी आल्यावर वाटले की, पुतणीच्या नायलॉन तारांच्या गिटारीसाठी तो उपयोगी पडला असता, कारण तिचा फिंगरबोर्ड सपाट आहे आणि गोलाईचा कॅपो लावला की मधल्याच तारा वाजेनाशा होतात.

मी दुसरा घेतला. त्याचा एक त्रास आहे: नेक वर सरकत जातो तसा जाड होतो, म्हणून तिसऱ्या फ्रेटसाठी ठरवलेला स्क्रू पाचव्यावर घट्ट होतो आणि पुन्हा फिरवावा लागतो. दोन गाण्यांच्या मध्ये एका हाताने हे जमणार नाही. पण बारा तारांवर मी फारसा तिसऱ्या फ्रेटच्या पुढे जात नाही आणि गेलोच, तर वहिनींना दोन वाक्ये निवेदन करायला सांगता येईल. सहा तारांवर मात्र जुना स्प्रिंगचाच राहील. तेथे शेजारच्या तारांच्या जाडीत इतका फरक नसतो, फरक ऐकू येण्याइतका पडत नाही आणि गाणे संपताच तो चटकन काढून हेडस्टॉकला (खुंट्यांच्या टोकाला) अडकवता येतो, ही सोय मला सोडवत नाही.

त्याच्या रबरावर मात्र बारा तारांच्या खाचा पडलेल्या दिसल्या. रात्री कॅपो गिटारीवरच ठेवून झोपण्याची माझी सवय त्याला कारणीभूत आहे. नवा कॅपो आज काढून केसच्या खिशात ठेवला आहे.