सर्व्हर बंद, मोटर बंद

तासगावात मोटर रिवाइंडिंगचं आणि स्टार्टर पॅनलचं माझं दुकान आहे. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत सकाळी गर्दी असतेच, पण त्या दिवशी शटर वर करायच्या आधीच दारात गाड्या उभ्या होत्या आणि जो तो एकाच कंपनीचा पांढरा डबा, म्हणजे मोबाईलच्या ॲपवरून विहिरीवरची मोटर चालू करणारा स्टार्टर, घेऊन आलेला. कोणी मणेराजुरीचे, कोणी सावळजचे, एक जण तर थेट पलूसहून. रात्री लाईट आली, पण मोटर काही चालू झाली नाही, हीच सगळ्यांची तक्रार.

"मिस्त्री, ॲपात नुसतं गोल गोल फिरतंय बघा," एक तात्या म्हणाले. "छाटणी झाली, डोळे फुटायला काडीला लावतात ते पेस्टिंग झालं. आता पाणी नाही दिलं तर डोळे फुटायचे कसे?"

डबा खोलून टेबलावर घेतला. मोटरला लाईट जोडणारा मोठा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, ठणठणीत. त्या कॉन्टॅक्टरला चालवणाऱ्या छोट्या स्विचला, रिलेला, बाहेरून बारा व्होल्ट दिले तर टक् करून ओढला. करंट सेन्सर बरोबर. जळाल्याचा वास नाही, काळा डाग नाही. डीलरला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. कंपनीनं गाशा गुंडाळला होता आणि सर्व्हर बंद केला होता. डब्यातला इलेक्ट्रॉनिक बोर्ड दर वेळी मोटर चालू करण्याआधी त्या सर्व्हरला विचारायचा, होकार आला तरच रिलेला सप्लाय सोडायचा. डब्यावरचं हिरवं बटणसुद्धा त्याच वाटेनं जोडलेलं. म्हणजे विहिरीच्या काठावर, पॅनलसमोर उभ्या असलेल्या मालकालाही स्वतःची मोटर चालू करता येत नव्हती. मला खरोखर संताप आला.

असं जगात आधीही घडलंय. अमेरिकेत रिव्हॉल्व नावाचं घरातले दिवे-कुलपं चालवणारं यंत्र होतं, किंमत सुमारे तीनशे डॉलर. नेस्ट या दुसऱ्या कंपनीनं 2014 मध्ये ती कंपनी घेतली आणि मे 2016 मध्ये सेवा बंद केली. लोकांच्या घरातली चालती यंत्रं त्या दिवसापासून निकामी झाली. अशीच यंत्रं विकणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचे तर एप्रिल 2022 मध्ये कोणाला न कळवताच सर्व्हर बंद पडले. पुढे त्यांच्याच काही ग्राहकांनी मिळून तो धंदा विकत घेतला आणि पुन्हा सुरू केला.

डीलर फोनवर म्हणाला, "शेतकऱ्यांना टेक्नॉलॉजी पेलत नाही हो." हे मी ऐकून घेतलं नाही. याच तालुक्यात ठिबक आलं, बागांत हवामान केंद्रं बसली. मोबाईल स्टार्टर तर लोकांनी मागून मागून नेलाय. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' आणला, तो साध्या कीपॅडच्या फोनवर चालणारा. शेतातल्या डब्यात सिम, घरून कॉल करायचा, मोटर चालू. मग तसे कितीतरी निघाले. रात्रीच्या पाळीची लाईट, बांधावर साप, विंचू, चिखल. अंथरुणातून मोटर चालू होत असेल तर कोण नको म्हणेल? फोनवर आवाज येतो, लाईट आहे, मोटर चालू आहे. आजोबासुद्धा वापरतात. त्यात नेटवर्क गेलं तरी पॅनलवरचं बटण आहेच.

आता त्यालाही धोका आहे. यातले बरेच डबे टू-जी सिमवर चालतात. जिओला टू-जी नाहीच, त्यामुळे गिऱ्हाईक आलं की मी पहिलं विचारतो, "सिम कुठलं घालणार?" उद्या बाकीच्यांनीही टू-जी गुंडाळलं तर डबे बदलावे लागतील. पण तेव्हाही हातानं मोटर चालू होईल, पीक वाळणार नाही. माझ्या लेखी फरक हाच आहे. ॲपवाल्या डब्यात तर दर वर्षाचं रिचार्जही होतं, आणि ते भरून बसलेले लोक त्या सकाळी माझ्यासमोर उभे होते.

दुपारपर्यंत आम्ही बोर्ड बाजूला काढून हिरवं-लाल बटण थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलला जोडत होतो. तीनपैकी एक फेज गेली (सिंगल फेजिंग) तर मोटर जळू नये म्हणून ती बंद करणारा प्रिव्हेंटर वेगळा बसवला. तात्यांचं काम आधी केलं, त्यांच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लाईटची दुपारचीच पाळी होती. तासाभरात त्यांचा फोन आला, "ठिबक चालू झालं."

काढलेले बोर्ड दुकानातच आहेत. मणेराजुरीचा एक पोरगा सांगलीला इंजिनिअरिंगला आहे, तो रविवारी येऊन बसतो. मूळ चिप कंपनीनं लॉक केलीय, म्हणून तो तिच्या जागी स्वतः प्रोग्रॅम लिहिलेली दुसरी चिप बसवतोय. रिले, सेन्सर, डबा जुनाच. सध्या करंट बरोबर दाखवतोय, कॉल घेणं अजून जमायचंय.