जोन्स, शेती आणि किराणा

माझी भाची ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, कार्डिफला असते, नवरा तिकडचाच, वेल्श. एका दुपारी जेवण आवरून जरा आडवी होतेय तोवर तिचा मेसेज, आत्या तुला नाहीतरी जुनी कागदं चिवडायची हौस आहे, तर ह्याच्या घराण्याचं काही सापडतं का बघ ना. माहिती काय, तर तिथल्या कार्डिगनशायर परगण्यात शेती होती, मग किराणा दुकान काढलं, आडनाव जोन्स. आता घ्या. जोन्स! त्या भागात खेडोपाडी अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत बापाचं नाव तेच पोराचं आडनाव अशी पद्धत चालू होती, म्हणजे जॉनचा मुलगा डेव्हिड जोन्स, आणि त्याचा मुलगा इव्हान कधी जोन्स तर कधी डेव्हिस. वर नावं ठेवायची तर सगळ्या गावाला मिळून दहा-बारा. मग माणसं एकमेकांना ओळखणार कशी, तर शेताच्या नाहीतर धंद्याच्या नावानं. पण हे जनगणनेवाल्याला कोण सांगणार.

झोप गेली ती गेलीच. वेल्सची नॅशनल लायब्ररी आबरिस्टविथला आहे, त्यांनी १८५८ च्या आधीची मृत्युपत्रं स्कॅन करून फुकट ठेवलीयत, १,९०,००० च्या वर. सातारला पंख्याखाली बसून मी परक्यांची मृत्युपत्रं वाचते हे ऐकून आमच्या घरात सगळे हसतात, हसू देत. मला त्यातल्या जिंदग्यांच्या, म्हणजे मालमत्तेच्या, याद्या फार आवडतात, अठराव्या शतकातल्या मृत्युपत्रांना त्या बऱ्याचदा जोडलेल्या असतात. माणूस गेला की दोन-तीन शेजारी घरात येऊन मोजणार, आधी अंगावरचे कपडे, मग गाई, मेंढ्या, खळ्यातलं धान्य, पितळेची भांडी, पिसांची गादी, आणि प्रत्येकापुढे किंमत. कादंबरी मला दहा पानांच्या पुढे वाचवत नाही, यादी कितीही वाचते.

याचं मूळ बहुतेक दुकानात. कोरेगावला वडिलांचं किराणा दुकान होतं आणि शाळा सुटल्यावर गल्ल्यामागच्या पोत्यावर बसून उधारीची वही वाचायची हा माझा उद्योग. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबुळकी, वरच्या बाजूनं उघडणारी. त्यात धड नाव एकाचंही नाही. गिरणीवाला धाकटा, वाड्यातल्या काकू, मास्तर बिनचष्म्याचे, मास्तर नवे, आणि एकीकडे नुसतंच 'ती' लिहिलेलं, खाली साखर पावशेर, चहा छोटा पुडा, काड्यापेटी. ही 'ती' कोण म्हणून मी वडिलांना विचारलं तर म्हणाले, तुला काय करायचंय, दर महिन्याला देते ती. आईला विचारलं तर आई काही बोललीच नाही आणि मला लसूण सोलायला बसवलं. वडील चारचौघात पैसे कधी मागायचे नाहीत, गिऱ्हाईक आलं की वही हळूच त्याच्याकडे फिरवून ठेवायचे आणि स्वतः डाळीच्या डब्यात काहीतरी शोधत बसायचे. डाळीत शोधण्यासारखं काय असतं हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

असो, जोन्स.

जनगणनेत माणसांची नावं सापडतात ती १८४१ पासून, पण तेव्हा पंधराच्या वरच्या लोकांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची असं फर्मान होतं, म्हणजे चौतीसचा माणूस तीसचा. दहा वर्षांनी तोच माणूस चव्वेचाळीस. जावईबापू म्हणाले खापरपणजोबा लबाड दिसतात. अहो नाही, सरकारच लबाड. १८९१ ला वेल्समध्ये पहिल्यांदा विचारलं, कोणती भाषा बोलता, वेल्श, इंग्रजी की दोन्ही, तर लोकांनी काही महिन्यांच्या, काही दिवसांच्या तान्ह्या पोरांनाही भाषिक करून टाकलं आणि वरचे साहेब अहवालात वैतागले. १९०१ ला मग नियम, तीन वर्षांच्या पुढच्यांचंच लिहा. मला विचाराल तर लोकांचं बरोबर होतं, माझी नात तीन महिन्यांची असताना शुद्ध मराठीत रडायची.

शेत कसं सापडलं ते सांगते. पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा त्याचे १८३६ च्या कायद्यानं रोख पैसे केले, त्यासाठी गावोगावचे नकाशे काढले, प्रत्येक तुकड्याला नंबर, मालक कोण, कसतो कोण, शेताचं नाव काय, पेरणीचं का चराईचं. हेही फुकट बघता येतं. विहिरीचं शेत, भट्टीचं शेत, मोठं शेत, अशी नावं, आणि मालक अर्थातच जोन्स नाही, मालक कुणीतरी इस्टेटवाला. तिकडचे बहुतेक शेतकरी कुळंच, गोगर्डन, नॅनटिऑस असल्या मोठ्या इस्टेटींची. काही करार तीन जिवांचे असायचे, म्हणजे कागदावर तीन माणसांची नावं घालायची आणि त्यातला शेवटचा मरेपर्यंत जमीन तुमच्याकडे. मग माणूस काय करणार, आपलं नाव घालणार आणि दोन लेकरांची, त्यातलं जे धडधाकट दिसतंय ते. मला हे वाचून कसंतरीच झालं, कुणाला घालायचं हे नवरा-बायको रात्री बोलले असतील ना.

गरिबाचं नाव कागदावर चढतं ते तो कुणाला तरी काहीतरी देणं लागतो तेव्हाच, असा एक मोठा विचार मला इथं सुचला होता, लेखाचा शेवट त्याच्यावर करायचा होता, पण तेवढ्यात दूधवाला आला.

दुकान मात्र झकास सापडलं. जुनी वर्तमानपत्रंही त्याच लायब्ररीनं १९१९ पर्यंतची ठेवलीयत. एका शिरगणतीत पणजोबा 'शेतकरी', पुढच्या शिरगणतीत 'किराणा व कापड', पण घरात गुरं राखणारा गडी तसाच, म्हणजे शेती सोडलेली नाही, दोन्ही डगरींवर पाय. शेतावरच्या बाया लोणी-अंडी आणून द्यायच्या आणि बदल्यात चहा-साखर न्यायच्या, रोखीचं काम कमीच. ज्याच्याकडे लोणीही नाही तो शेतकऱ्याच्या वावरात बटाट्याच्या चार ओळी लावायचा आणि सुगीत राबून ते फेडायचा. कोर्टाच्या बातम्यांत दुकानदारांनी लावलेले उधारीचे दावे रांगेनं दिसतात, आमच्या जोन्सांचे एकदोन आहेत. वडिलांनी कधी लावला नसता. चॅपलचे, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराचे, छापील वार्षिक अहवाल मिळाले त्यात कुणी किती दिले ते नावानिशी, घरानिशी, अगदी आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीचा बोर्ड लागतो तस्संच. जोन्सांचा आकडा बरा होता, लोण्यावर कमावलेला.

१९११ चा फॉर्म घरातल्या माणसानं स्वतः भरलेला असतो, त्यामुळे अक्षरच बघायला मिळतं. लग्न झालेल्या बाईपुढे विचारलंय, मुलं किती झाली, किती आहेत, किती गेली. विधुर-विधवांनी हे भरायचं नव्हतं. जोन्स तेव्हा विधुर. त्यांनी भरलं. झाली नऊ, आहेत पाच, गेली चार. नंतर कुणा कारकुनानं नियमाप्रमाणे त्यावर रेघ मारलीय, आकडे खालून वाचता येतात. भाचीला तेवढाच तुकडा कापून पाठवला, तिनं तो सासऱ्यांना दाखवला, ते म्हणे बराच वेळ फोन हातात धरून बसले आणि मग म्हणाले आम्हाला तिघंच गेल्याचं माहीत होतं.

१९२१ चं उघडलंय, पण त्याला पैसे पडतात, ते जावईबापू भरतील. १९३१ ची सगळी शिरगणती १९४२ ला आगीत गेली, आणि ऐन लढाईच्या दिवसांत ती बॉम्बनं नाही तर साध्या गोदामाच्या आगीत गेली. १९४१ ला लढाईमुळे घेतलीच नाही. म्हणजे पुढची १९५१ ची, ती शंभर वर्षांच्या नियमानं उघडणार २०५२ ला. भाचीच्या लेकीला सांगून ठेवलंय, तू बघ गं बाई. ती म्हणाली ओके आणि गेम खेळायला गेली.