मुलं तिथं रमतात का?

दरवर्षी नवोदयचे, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेचे, फॉर्म सुटले की गावाकडून फोन सुरू होतात. पुस्तक कोणतं घेऊ, क्लास लावू का, हे सगळं विचारून होतं आणि मग आवाज खाली येतो. "पण ताई, मुलं तिथं रमतात का हो?" इतकी वर्षं मी "रमतात" एवढंच म्हणत आले, कारण तुम्हाला तेच ऐकायचं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून आता खरं सांगते.

सहावीला मी तिथं गेले आणि पहिल्या दिवाळीपर्यंत रडत होते. दिवसा नाही. पीटी, वर्ग, मेस, प्रेप म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून करायचा अभ्यास, यांत दिवस निघून जायचा. पण संध्याकाळी, गावात गुरं घरी यायच्या वेळेला, पोटात कालवायचं. रात्री दिवे बंद झाले की एखादीचा हुंदका ऐकू यायचा आणि मग पलंगापलंगावरून सुरू व्हायचं. अकरा वर्षांच्या होतो आम्ही. जेवण पोटभर मिळायचं, मॅडम मायेच्या होत्या. त्यानं आजीची कूस भरून निघत नाही.

पालकभेटीच्या रविवारी बाबा यायचे आणि ते निघाले की मी त्यांच्या सदऱ्याला धरून बसायची. ते बघून कुणीतरी जाणत्या माणसानं त्यांना सांगितलं, "सारखे येऊ नका, अशानं पोरगी रमणार नाही." पुढच्या रविवारी बाबा आले नाहीत. सकाळपासून मी व्हरांड्यात उभी, नजर फाटकावर. बाकीच्यांच्या आयांनी डबे उघडले, मलाही हाक मारली. मी गेले, खाल्लंही. दुपारनंतर मुली खो-खो खेळायला लागल्या, तेव्हा मीही मैदानात उतरले.

बाबा आले होते. हे मला नोकरी लागल्यावर आईनं सांगितलं. दोन एसट्या बदलून ते आले, कुंपणाबाहेर बाभळीपाशी उभे राहिले. मला खेळताना पाहिलं आणि दशम्यांचा डबा तसाच घेऊन परत गेले. घरी पोचल्यावर म्हणाले, "रमली पोरगी."

मी आईवर ओरडले. आत यायला काय झालं होतं? पाच मिनिटं तरी? पण बाबांना कुणी नावं ठेवलेली मला चालणार नाहीत. दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस लेकीला न भेटता परत फिरतो, तेव्हा त्याचं काय होत असेल? आणि त्यांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. त्या दुपारी मी खरंच जीव तोडून पळत होते. त्या रात्री रडले नाही. नंतर फाटकाकडे बघत उभं राहणंही सोडून दिलं. याला मी खूप वर्षं खंबीरपणा म्हणायची. आता म्हणवत नाही. दिवाळीला घरी गेले तर चिवड्याचा डबा उघडायला मी आईची परवानगी मागितली. आई माझ्याकडे बघतच राहिली. नववीत वर्गातली तीसेक टक्के मुलं वर्षभरासाठी परराज्यातल्या नवोदयला पाठवतात. त्यात माझं नाव आलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, आणि घरच्यांना त्याचा अभिमान वाटला.

मग नवोदय नको होतं का? तसं कसं म्हणू? सबंध जिल्ह्यातून सहावीला 80 जागा. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं, सगळं फुकट. आमच्या घरातून मला दुसरीकडे कुठे शिकवलं असतं? माझ्याच वयाची चुलत बहीण नवोदयच्याच प्रवेशपरीक्षेला बसली होती. तिचा नंबर लागला नाही आणि दहावीनंतर तिचं लग्न झालं. ती मला म्हणते, "तू सुटलीस." मी तिच्याशी वाद घालत नाही. पण ती रोज आईच्या हातचं खात होती, हेही माझ्या मनातून जात नाही.

भावाची मुलगी यंदा पाचवीत आहे. तिचा फॉर्म मीच भरला, गणितही मीच घेते. भावाला मात्र बजावून ठेवलंय, नंबर लागला तर दर भेटीला आत जायचं. रडली, चिकटली, कुणी काही म्हणालं, तरी जायचं. तो म्हणतो, मग ती रमणार कशी? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण तू जा.