गहू सोडू का, असे तुम्ही विचारलेत म्हणून

हाशिमोटोच्या थायरॉइड आजाराचे निदान झालेल्या ओळखीच्या स्त्रिया, त्यांच्या बहिणी, कधी त्यांचे यजमानही मला एकच प्रश्न विचारतात: ‘तुम्ही गहू बंद केलात आणि तुमची थायरॉइडची गोळी कमी झाली, असे ऐकले. मग आम्हीही पोळी सोडावी का?’ ऐकलेले खरे आहे. गहू बंद केल्यानंतर माझ्या गोळीची मात्रा कमी करावी लागली. पण ती कशामुळे कमी झाली हे समजून घेतल्याशिवाय माझ्या अनुभवाचा तुम्हाला उपयोग नाही, आणि ते अर्धवट समजले तर अपायही होऊ शकतो. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने 1912 साली चार स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. या ग्रंथींमध्ये पांढऱ्या पेशी दाटीने शिरलेल्या त्याला दिसल्या होत्या. त्या तिथे का आल्या, याचा उलगडा व्हायला 1956 साल उजाडले. आपलीच प्रतिकारयंत्रणा या ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, हे तेव्हा लंडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिले. आज आपल्या अहवालात ‘ॲन्टी-टीपीओ’ म्हणून जो आकडा येतो, तो अशाच प्रतिपिंडांचा असतो. ग्रंथी हळूहळू झिजते, संप्रेरक कमी पडू लागते, मेंदूतली पियुषिका ग्रंथी तिला अधिक काम करण्याचा इशारा देत राहते आणि हा इशारा देणारे संप्रेरक, म्हणजे टीएसएच, रक्तात वाढते. जे संप्रेरक ग्रंथी पुरेसे बनवू शकत नाही ते लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीतून बाहेरून द्यायचे, एवढाच या आजाराचा सिद्ध झालेला उपचार आहे. तो उत्तम उपचार आहे, आणि मी आजही रोज सकाळी ती गोळी घेते. हे आधी सांगते, कारण माझ्याबद्दल पसरलेल्या गोष्टीत नेमका हाच भाग गळून पडतो.

माझ्या बाबतीत झाले ते असे. गोळी वेळेवर आणि रिकाम्या पोटी घेऊनही टीएसएच खाली येत नव्हता, त्यामुळे मात्रा वाढवली जाई, काही महिने बरे जात आणि पुन्हा तो वर चढे. त्याच काळात माझे हिमोग्लोबिनही वाढत नव्हते. लोहाच्या गोळ्या संपत, नव्या आणल्या जात, आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन होते तिथेच राही. पोट फुगणे, जेवणानंतर जडपणा आणि सततचा थकवा या सगळ्याचे खापर आम्ही थायरॉइडवरच फोडत होतो. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या त्या माझ्या डॉक्टरांनी. गोळी पोटात जाते आहे पण रक्तात पोहोचत नाही, आणि लोहाचेही तसेच होते आहे, तेव्हा दोष ग्रंथीत नसून आतड्यात असू शकतो, असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी टीटीजी-आयजीए ही, सेलिॲक या आतड्याच्या आजारातली प्रतिपिंडे शोधणारी रक्ततपासणी लिहून दिली. ती पॉझिटिव्ह आली. पुढे एन्डोस्कोपीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे नमुने घेतले गेले आणि सेलिॲक आजाराचे निदान पक्के झाले.

सेलिॲक हा स्वतंत्र आजार आहे, आणि तोही स्वयंप्रतिकाराचाच. गहू आणि जव यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे अशा माणसाची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारी या अस्तरावरची बारीक लव झडते, अस्तर सपाट होते, आणि मग लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे यांच्याबरोबरच लेव्होथायरॉक्सिनचेही शोषण घटते. या आजाराचा धान्याशी असलेला संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने उलगडला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा सेलिॲक असलेली बालके सुधारताना आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावताना त्याने पाहिली. आपल्या निरीक्षणांवर त्याने 1950 साली प्रबंध लिहिला. तेव्हापासून आजपर्यंत या आजारावर ग्लूटेन पूर्णपणे आणि आयुष्यभर वर्ज्य करणे हाच उपचार आहे.

माझी गोळी का कमी झाली, हे आता तुमच्या लक्षात येईल. गहू सोडल्याने माझी थायरॉइड ग्रंथी बरी झाली नाही. झिजलेली ग्रंथी तशीच आहे. आतडे भरून आले आणि जी गोळी आधी अर्धीमुर्धी वाया जात होती ती पूर्ण शोषली जाऊ लागली, त्यामुळे जुनी मात्रा मला जास्त होऊ लागली. तसे झाल्याची खूणही मिळाली: छातीत धडधड, हातांना सूक्ष्म कंप, आणि तपासणीत नेहमीपेक्षा खाली गेलेला टीएसएच. सेलिॲकचे निदान होऊन आहार बदलणाऱ्या प्रत्येक थायरॉइड रुग्णाने सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून घेणे म्हणूनच आवश्यक असते. मात्रा आपल्या मनाने कमी करायची नाही, आणि ती तशीच चालू ठेवून हृदयावर ताणही येऊ द्यायचा नाही.

आता तुमच्याकडे वळते. स्वयंप्रतिकारामुळे थायरॉइड बिघडलेल्यांमध्ये सेलिॲकचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते. वेगवेगळ्या पाहण्यांत ते शंभरांत साधारण दोन ते पाच इतके आढळले आहे, तर एरवी जगभर ते शंभरांत एकाच्या आसपास असते. याचा अर्थ तुमच्यापैकी बहुसंख्य जणींना सेलिॲक नसणार, आणि थोड्या जणींना असूनही माहीत नसणार. तुम्ही कोणत्या गटात आहात हे रक्ताची एक तपासणी बरेचसे सांगू शकते. पण ती तपासणी गहू खात असतानाच करावी लागते. ग्लूटेन बंद केले की रक्तातली प्रतिपिंडे हळूहळू कमी होतात, अस्तर भरून येऊ लागते, आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. मग खरे काय ते कळण्यासाठी पुन्हा सहा आठवड्यांच्या आसपास रोज गहू खावा लागतो, आणि एकदा आराम पडलेल्या सेलिॲकच्या रुग्णासाठी ती शिक्षाच असते. ‘महिनाभर सोडून बघते, फरक पडला तर तपासणी करते’ असे मला अनेक जणी सांगतात. त्यांना मी दर वेळी कळकळीने सांगते की क्रम उलटा ठेवा. आधी टीटीजी-आयजीए आणि त्याच्यासोबत एकूण आयजीए तपासा, कारण काही माणसांत आयजीए हा प्रतिपिंडांचा प्रकारच मुळात कमी असतो आणि मग पहिल्या तपासणीवर विसंबता येत नाही. पोळीचा निर्णय त्यानंतर.

तपासणी निगेटिव्ह आली तर काय, हा पुढचा प्रश्न. गव्हाच्या ग्लूटेनमधला ग्लायडिन हा घटक थायरॉइडच्या पेशींसारखा दिसतो, म्हणून गहू खाल्ला की शरीर थायरॉइडवर हल्ला करते, असे फार आत्मविश्वासाने सांगितले जाते. माणसांवरच्या अभ्यासांचा भक्कम आधार या म्हणण्याला नाही. पोलंडमध्ये हाशिमोटो असलेल्या 34 स्त्रियांवर झालेला एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिने ग्लूटेन टाळणाऱ्या स्त्रियांची थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे काही प्रमाणात घटली, मात्र टीएसएच आणि संप्रेरकांची पातळी जवळपास तशीच राहिली. एवढ्या लहान गटावरून सगळ्यांसाठी नियम बांधता येत नाही. शिवाय गोळीची मात्रा ठरते ती टीएसएचवरून, प्रतिपिंडांच्या आकड्यावरून नव्हे. ती प्रतिपिंडे नियमित गोळीनेही काही वर्षांत उतरतात.

तरीही गहू सोडून बरे वाटल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया खोटे बोलत नाहीत. गव्हाबरोबर बिस्किटे, खारी, टोस्ट, पाव आणि बेकरीतला मैदाही जातो. गव्हातल्या काही शर्करांमुळे ज्यांचे पोट फुगते त्यांना हलके वाटते, आणि ताटात भाकरी व भाजी वाढते. सेलिॲक नाही हे नक्की झाल्यावर कोणी काही महिने असा प्रयोग करून पाहिला तर माझी हरकत नाही, गोळी आणि तपासण्या चालू राहिल्या पाहिजेत इतकेच. मात्र टीएसएच योग्य पातळीत असणाऱ्या, पोटाची तक्रार नसलेल्या बाईने निव्वळ भीतीपोटी घरच्या पोळीकडे विष म्हणून पाहावे, हे मला मान्य नाही. या आजारात आधीच पुष्कळ बंधने असल्यासारखे वाटते. गरज नसलेले आणखी एक कशाला?

ज्यांना माझ्यासारखे खरोखरच सोडावे लागणार आहे, त्यांच्यासाठी स्वयंपाकघराबद्दल लिहिते, कारण खरा कस तिथे लागतो. महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला हा आहार परका नाही. ज्वारी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, मका यांपैकी कशातही ग्लूटेन नसते. माझे माहेर सोलापूर जिल्ह्यातले. मंगळवेढ्याकडच्या मालदांडी ज्वारीची भाकरी हेच आमचे रोजचे अन्न होते आणि पोळी सणावारी किंवा पाहुण्यांसाठी होई, त्यामुळे निदानानंतर मी नवीन काही शिकले नाही, फक्त मागे गेले. घावन, तांदळाची उकड, उकडीचे मोदक, नाचणीचे आंबील, आणि उपासाचे म्हणून बाजूला ठेवलेले राजगिऱ्याचे थालीपीठ व वरीचे तांदूळ आता कोणत्याही वारी चालतात.

अडचण होते ती न दिसणाऱ्या गव्हाची. रवा, मैदा, शेवया, दलिया हे सगळ्यांना ठाऊक असते. खपली गहू पचायला हलका म्हणून चालेल असे अनेकांना वाटते. तो जुन्या वाणाचा असला तरी गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन असते, तेव्हा सेलिॲकच्या रुग्णाला तो वर्ज्यच. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतात. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू पडतो, मेतकुटातही मूठभर पडतो, आणि भाताबरोबर निर्धास्तपणे खाल्ल्या जाणाऱ्या मेतकुटाचा संशय कोणालाच येत नाही. डबीतल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणजे वरणभात आणि ताक या सर्वांत निरुपद्रवी पदार्थांतही फोडणीवाटे ते जाते. मी डबीवरचे घटक वाचून तांदळाचे पीठ असलेला हिंग घेते. ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापायचे असेल तर आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार त्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावे लागते. ही मर्यादा किती बारीक आहे हे पाहिले की दळणाचा प्रश्न का गंभीर आहे ते कळते.

गिरणीत आपल्या आधी गहू दळला गेला असेल तर जात्यात राहिलेले गव्हाचे पीठ आपल्या ज्वारीत उतरते. पूर्वीच्या बायका चवीसाठी आणि भाकरी नीट थापली जावी म्हणून ‘ज्वारीवर ज्वारी दळा’ असे सांगत. मला ते प्रकृतीसाठी सांगावे लागते, आणि त्यानेही माझ्या आजारात पुरेशी खात्री होत नाही. म्हणून आम्ही घरगुती चक्की घेतली आणि तिच्यात गहू जाऊच दिला नाही. पोळपाट-लाटणे, चाळणी आणि तवा वेगळा ठेवला. ज्यांना सेलिॲक नाही आणि केवळ प्रयोग म्हणून गहू कमी करायचा आहे, त्यांना हा सगळा खटाटोप करण्याचे कारण नाही.

सणसमारंभांत ‘एवढ्याशाने काय होते’ असे प्रेमाने म्हणणारी माणसे भेटतात. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो आणि तो नाकारताना माझ्या मनाला आजही त्रास होतो. मी हात जोडते, केळ्याचा तुकडा किंवा साखर मागून घेते, आणि यजमानीणबाईंना शक्य तेव्हा आधीच फोन करून सांगून ठेवते. बहुतेक घरी पुढच्या वेळी माझ्यासाठी न सांगता केळी किंवा खडीसाखर वेगळी काढून ठेवलेली असते.

बाजरीबद्दल मात्र सावध करते. गहू सोडला की पुष्कळ जणी बारा महिने रोज बाजरीकडे वळतात. बाजरीतल्या काही घटकांचा थायरॉइडच्या कामात अडथळा होऊ शकतो, आणि सुदानमधल्या दार्फूर भागात, जिथे बाजरी हेच मुख्य अन्न होते, तिथल्या गलगंडाच्या संदर्भात यावर अभ्यास झाला आहे. आयोडीनची कमतरता असेल तर हा परिणाम वाढतो. थंडीत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी मी आनंदाने खाते, पण रोजची भाकरी ज्वारीची ठेवते आणि मीठ आयोडीनयुक्तच वापरते. बाजारातल्या महागड्या ग्लूटेनमुक्त बिस्किटांचा आणि पावाचाही मला मोह नाही. त्यांत बहुधा स्टार्च आणि साखर जास्त असते आणि चोथा कमी.

गोळीचे नियम आहार बदलला तरी बदलत नाहीत. ती सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहासुद्धा त्यानंतर अर्ध्या-एक तासाने. लोह किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर दोहोंत चार तासांचे अंतर हवे. गव्हाऐवजी सोयाबीनचे पीठ मिसळणाऱ्यांनी सोयामुळे गोळीचे शोषण कमी होऊ शकते हेही लक्षात ठेवावे.

सेलिॲक घराण्यात असू शकतो, त्यामुळे माझ्या निदानानंतर डॉक्टरांनी आई-वडील, भावंडे आणि मुले यांची तपासणी सुचवली. माझ्या धाकट्या बहिणीलाही हाशिमोटो आहे. तिची टीटीजी निगेटिव्ह आली. ती रोज दोन वेळा पोळी खाते, गोळी नियमाने घेते आणि तिचा टीएसएच वर्षानुवर्षे जागेवर आहे. आम्ही दोघी एकत्र असलो की माझ्यासाठी भाकरी आणि तिच्यासाठी पोळी होते. आधी भाकरी होते, मग परात बदलून पोळ्या, आणि तवे दोन.