पुणे-कोल्हापूर एसटी आणि वाटेतली टॉयलेटं

परवा आईला घेऊन संध्याकाळची स्वारगेट-कोल्हापूर एसटी पकडली. 2023 ला बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत जिकडे तिकडे बायकाच, आणि सगळ्यांचं धोरण एकच, निघताना चहा नको, वाटेत पाणी नको, मधेच जायला लागलं तर काय घ्या. आईचंही तेच. मला हे बिलकुल पटत नाही, कारण पाणी न पिता तासन् तास दाबून धरलं की उन्हाळी लागते नाहीतर सरळ युरिन इन्फेक्शन, बायकांचा मूत्रमार्ग आखूड म्हणून आपल्याला ते पटकन होतं. त्या मानाने सीटवरून काही लागण व्हायची भीती उगाच मोठी करून ठेवलीय.

साताऱ्याच्या अलीकडे गाडी धाब्यावर थांबली. "दहा मिनिटं हं!" टॉयलेट पार मागच्या अंगाला आणि बल्ब गेलेला. अशा जागी एकटीने जायचंच नाही, मी पुढच्या सीटवरच्या ताईंना विचारलं तर त्या उठल्याच (वाटच बघत होत्या बहुतेक), मग एक आत, एक दाराशी. आधी टॉर्च मारून कडी लागते का आणि फटीबिटी आहेत का बघायचं, मग मोबाईल पर्समध्ये, पर्स गळ्यात आडवी, कारण आत खुंटी नसतेच आणि जीन्सच्या मागच्या खिशातले फोन थेट भांड्यात जातात. गुडघे साथ देत असतील तर इंडियनच बरं, अंगाला काही टेकत नाही. आईला कमोड लागतो, तिला टिश्यूने पुसून दिला.

खरी घाण असते कडीवर, नळावर, मगच्या दांड्यावर. म्हणून पेपर सोप जवळ ठेवायचा आणि 20 सेकंद नीट हात धुवायचे, नुसतं सॅनिटायझर चोळून भागत नाही, जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस त्याला फारसा दाद देत नाही. पॅड असेल तर कागदात गुंडाळून डस्टबिनमध्ये, डस्टबिन नसेल तर पिशवीत घालून सोबत घ्या पण भांड्यात टाकू नका प्लीज, तुंबतं आणि पुढची बाई शिव्या घालते.

स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल पंप बघा, तिथलं टॉयलेट फुकट असतं, पेट्रोल भरलं नाही तरी.

पुढच्या एका स्टँडवर लघवीचे पाच रुपये मागितले. म्हटलं, "मावशी, बोर्डावर मोफत लिहिलंय की."
"ते गड्यांचं हाय."
मुंबईत 'राइट टू पी' वाल्या बायका 2011 पासून ह्याच्यावरच भांडतायत. मीही पदर खोचून उभी राहिले होते, तेवढ्यात कंडक्टरने डबल बेल दिली.